न्येले म्हातारीचं अधिकारक्षेत्र

...नाही, मला एक सांगा, पोरीला सासरी धाडायचं तर परवानगी कुणाची लागते? तिच्या आईची. मुलाकडच्यांची. मागणीची म्हणून कोलाची फळं वाटून झाली की गावाची. बरोबर? आणि मला कुणाची लागली, ठाऊक आहे? पार त्या हेगच्या न्यायाधीशांची! तुम्हाला सांगतो, हेग कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा मला माहीत नाही. मास्तरांना विचारलं तर त्यांनी वर, उत्तरेकडे हात केला. तिकडे आमचा शेळ्यांचा गोठा आहे.

म्हणजे बघा, आमचं दुगुकोरो ओढ्याच्या अलीकडे, दुगुकुरा पलीकडे. ओढा तरी कसला, पावसाळा सोडला तर शेळ्यांची पायवाट! माझी आई पलीकडची, बायको पलीकडची, माझी एक गाय तर रोज चरायला परदेशात जाते. पण ओढ्याकाठच्या जमिनीवरून दोन सरकारांची जुंपली आणि दोघं गेली हेगला भांडायला. तेव्हा आमचं सरकार काय हरखलं होतं! रेडिओवर उठताबसता तेच... जगातलं सगळ्यात थोर न्यायालय, तिथे दूध का दूध, पाणी का पाणी... वर्षानुवर्षं ऐकलं हो! मग निकाल लागला. जमीन पलीकडच्यांची. आणि दुसऱ्याच दिवशी तोच रेडिओ, तोच माणूस, बोलताबोलता मधेच खोकतो ना, तोच, काय म्हणाला असेल? म्हणाला, त्या न्यायालयाला या बाबतीत अधिकारक्षेत्रच नाही! अरे मग इतकी वर्षं तिथे काय पानं चघळायला बसला होतात?

आता हे सगळं राजधानीत ठीक आहे. पण निकाल मानत नाही हे जगाला दाखवायचं कसं? तर आमच्या ओढ्यावर आडवी काठी टाकून! अलीकडचा पलीकडे नाही, पलीकडचा अलीकडे नाही. आणि टाकली कधी? माझ्या पोरीची, वासाची, वरात निघायच्या दिवशी! बायका डोक्यावर भांडी घेऊन, गात, नाचत गेल्या आणि तासाभरात तशाच परत आल्या. वासा रडतेय, तिची आई, म्हणजे माझी बायको कानी, मलाच बोलतेय, जणू काठी मीच टाकली... आणि बालाफोन वाजवणारे विचारतात, जेवण आहे ना तरीपण?

गेलो मी काठीपाशी. शिपाई राजधानीचा, कोवळा पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे." बरं. गेलो तालुक्याला. साहेबांनी चहा पाजला, पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि तिसऱ्या पेल्याला खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाले, सेरिबा, अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे. अहो, मी जमीन मागतोय का? मला माझी पोरगी ओढ्यापलीकडे धाडायचीय! तिकडून नवऱ्यामुलाच्या, बुरामाच्या, चुलत्याने काठावर उभं राहून निरोप ओरडला: शुक्रवारपर्यंत सून उंबऱ्यात आली नाही तर कोला परत. कोला परत म्हणजे लग्न मोडलं! वासाने जेवण सोडलं. मी पण सोडणार होतो, पण मग तालुक्याला चालत जायला बळ कुठून आणू?

आणि गुरुवारी, काय नशीब बघा, मंत्रीसाहेबच आले! सार्वभौमत्वावर भाषण करायला, आमच्या चिंचेखाली. मंडप, कर्णा, कडक इस्त्रीचा पायघोळ झगा. म्हणाले, आपण सार्वभौम आहोत. आपल्यावर हुकूम चालवणारा जगात जन्मला नाही. इथवर ठीक होतं हो. पण माणसाला जोर चढला की जीभ सैल सुटते. छाती ठोकून म्हणाले, "मी जारा आहे. जारा म्हणजे सिंह! सिंह कुणाचा अधिकार मानत नाही."

झालं! अहो, आमच्या गावात येऊन आडनाव सांगायचं? सगळा गाव जारा, मीसुद्धा जारा, आणि गावात एकच घर त्राओरेंचं, त्या घरात एकच माणूस, न्येले म्हातारी. आता जारा आणि त्राओरे म्हणजे पूर्वजांपासून थट्टेचं नातं. त्राओरेने शिव्या द्याव्यात, गुलाम म्हणावं, चवळी खाणारा म्हणून चिडवावं, जाराने हसावं. रागावला तो बाटला. आणि त्राओरेने चारचौघांत काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. भावाभावांची डोकी फुटायची वेळ आली की आम्ही काय हेगला जातो? न्येलेला बोलावतो.

तर न्येले काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "घसा सुकला असेल, चवळीखाऊ. बस खाली."

सचिव पांढरा पडला. बंदूकवाले पुढे सरकले. मंत्र्याने तिच्याकडे पाहिलं... आणि हसला. हसावंच लागलं! म्हणाला, आजी, त्राओरे का तू? तर ही म्हणते, तुझी मालकीण, आणि ती ओढ्यावरची काठी उचल, माझ्या पोरीला सासरी जायचंय. मंत्र्याने कर्णा बाजूला केला, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "आजी, अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे गं."

"आहेच," म्हातारी म्हणाली. "हेगवाल्यांना अधिकार नाही, हे तूच आत्ता सांगितलंस. तुझा माझ्यापुढे कधीच नव्हता. मग उरलं कोण?"

सगळी चिंच हसली हो! मंत्री घामाघूम. शेवटी त्याने पळवाट काढली. म्हणाला, सरकारचं धोरण बदलत नाही, काठी आहे तिथेच राहील. पण त्राओरे आजी आणि तिच्या घरची माणसं, एवढ्यांना कायमची मोकळीक. केवढा हुशार! एकट्या म्हातारीचं घर, जाऊन जाऊन जाणार किती? न्येलेने गावावरून नजर फिरवली आणि शिपायाला म्हणाली, हे सगळे जारा माझे गुलाम. घरचेच आहेत.

शुक्रवारी वरात निघाली. काठीपाशी शिपाई एकेकाला विचारतोय, कोण? आणि एकेकजण हसत सांगतोय, न्येलेचा गुलाम. वासा हसली, गेली. कानी तर दोनदा ओरडून गेली. मग मी. नवा झगा, खळ घातलेला, मान ताठ.

"कोण?"

म्हटलं, नवरीचा बाप.

"तसं साहेब काही बोलले नाहीत, काका."

पलीकडे व्याही, व्याह्यांचा गोतावळा, सगळे कान टवकारून उभे. आणि म्हातारी तिकडून म्हणते, बोल की रे, लाजतोस काय? बोललो! नवाकोरा झगा घालून, चारचौघांत, खणखणीत आवाजात बोललो. काय करता?

वासा सुखात आहे. नातू झालाय, दुडुदुडु चालतो म्हणतात. आणि ती काठी आजही तिथेच! मालकीण सोबत नसेल तर शिपाई गुलामाला सोडत नाही, म्हणून नातवाला बघायचं तर आधी न्येलेच्या दारात उभं राहायचं. ती लगेच निघते का? छे! आधी शिव्या, मग कामं, मग ती पुढे आणि मी मागे, गाठोडं डोक्यावर. सरकारचं बरं आहे हो, निकाल पटला नाही की अधिकारक्षेत्र मान्य नाही म्हणायचं आणि घोरत पडायचं. मी कुणाला सांगू? मला नातू बघायचाय... थांबा, थांबा, हाक आली.

आलो, मालकीणबाई, आलो... निवडून झाली तुमची चवळी!