सुमनबाईचा प्रश्न

अबे, मले माझंच काम कोणी शिकवलं, ते ऐका. जाम गावाजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. त्याच्यावर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यातला डिस्क तपासणारा प्लगइन, म्हंजे जोडलेला छोटा प्रोग्राम, तीन दिवस एरर देऊन राह्यला होता. मी हातानं चालवला की चाले, आकडा काय येते ते काही मी पाह्यलं नाही; सॉफ्टवेअरनं चालवला की एरर. अन कापसाचा सीझन! काट्याच्या साऱ्या नोंदी त्याच डिस्कवर; ते भरली तर वजनकाटा बंद, बाहेर गाड्यांची रांग.

झाडू मारता मारता सुमनबाई म्हणे, "काऊन डोकं धरून बसले भाऊ?"

मी सारं सांगितलं. बाईनं विचारलं, "तुमच्यापाशी साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत. त्या सॉफ्टवेअरपाशी आहेत काय?"

मी लगेच परवानग्या तपासल्या. मी चालवत होतो अ‍ॅडमिन म्हणून; सॉफ्टवेअरले तर प्लगइनची फाइल उघडायची परवानगीच नव्हती! परवानगी देल्ली, एरर गेला. पण स्क्रीनवरची धोक्याची खूण लालच राह्यली.

"आता काय म्हणते तो प्लगइन?" बाईनं विचारलं.

"डिस्क खरंच भरत आली म्हणते."

"पाहा! बिचारा खरं सांगाले आलता, अन तुम्ही त्यालेच बिमार समजून राह्यले होते."