जासईला सोडलेला

वाशीच्या जनावरांच्या दवाखान्यात एका गृहस्थांच्या मांडीवर पॉमेरियन होता. शेजारच्या कोळीणबाईंचा कुत्रा अख्खं दार अडवून पसरला होता.

"मावशी, हा कुत्रा की वासरू? ब्रीड कुठली?"

"बाप बंगल्यावरचा अल्सेशन, आई आमच्या सारसोल्याच्या जेट्टीवरची."

"म्हणजे मिक्स. एवढ्याला खायला काय घालता?"

"भात नि उकडलेली मासली."

"आणि तुमची सुकत घातलेली मासळी?"

"ती राखतो दिवसभर. कावला उतरू देत नाय, सोता तोंड लावत नाय."

"पण आजूबाजूच्या सोसायटीतली पोरं घाबरत असतील."

"पोरं पाठीवर बसतात त्याच्या. घाबरली त्यांच्या आया. कुत्रा हलवा म्हनून अर्ज दिला. आमचा घरधनी भ्याला, याला टेम्पोत घातला नि पार लांब जासईला सोडून आला."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी दारात हजर. चारी पंजे सोललेले. त्यालाच पट्टी बांधायला आनलाय."

"तिकडेच देऊन टाकायचा ना, कंटेनर यार्डात राखणीला."

"तुमी तुमचा द्या."

"अहो, चिडू नका. पण परत अर्ज आला तर?"

"येऊ दे. या टायमाला घरधन्याला सोडीन जासईला. त्याला काय परत घर गावायचं नाय."