यशोदाबाईंच्या डायरीतला गुप्त कप्पा

"हॅलो?… कोण, सुनंदा? बोल, बोल. मोठ्यानं बोल माय, दारावरून केळीचे ट्रक जाऊ राहिले… हो, मी मजेत. काय पोचलं?… शेजारचे तोतारामभाऊ आले होते? धुळ्याला?… कसली डायरी?"

यशोदाबाईंनी एका हातात रिसीव्हर धरून दुसऱ्या हातानं फोनखालचा खण ओढला. खण रिकामा होता.

"तुझ्या नानांनी पाठवली? मला न विचारता?… अगं, मी तासभर भजनाला काय गेले, तेवढ्यात यांचा हा उद्योग… नाही गं, रागावले कुठं? पण सुनंदा, ऐक ना. ती उघडायची नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं तोतारामभाऊ फैजपूरला परत निघतील, त्यांच्याच हातात दे. जशीच्या तशी."

नानांच्या दृष्टीनं यात वावगं काहीच नव्हतं. मस्कतला नोकरीला असलेल्या भाच्यानं पाच वर्षांपूर्वी मामीला ही डिजिटल डायरी दिली होती. यशोदाबाई रावेरपासून जळगावपर्यंत लग्नं जुळवत. दीडशे मुलामुलींची नावं, जन्मवेळा आणि पत्ते त्यांनी एका बोटानं त्या यंत्रात भरले होते. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. महिन्याभरापासून पडद्याच्या खालच्या ओळी दिसेनाशा झाल्या होत्या. आणि धुळ्यात जावयाचं, म्हणजे अभिमनरावांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मग डायरी दुसरीकडे कशाला पाठवायची?

"दुरुस्त नाही करायची. नवीच घेते मी… हो, नवी. हसायला काय झालं?… मिक्सरची गोष्ट वेगळी. सतरा वर्षं झाली तरी फिरतो आहे, मग का बदलू?… कुकरचं झाकण? ते ठोकून घेतलं की बसतं… हो, हो, मीच म्हणते वस्तू टाकू नये. पण ही टाकावी. पाच वर्षांची झाली, पुष्कळ झालं."

पलीकडून सुनंदानं काहीतरी विचारलं. यशोदाबाईंनी रिकामा खण परत आत ढकलला.

"आतली माहिती?… गेली तर गेली… अगं, माहीत आहे मला. रविवारी मुक्ताईनगरची मंडळी येताहेत बेबाबाईच्या मुलीला बघायला. मुलाची जन्मवेळ त्या डायरीतच आहे, दुसरीकडे कुठं लिहिलेली नाही… हो ना. बेबाबाई दोन वर्षं वाट बघते आहे, तिला काय सांगू? यंत्र बिघडलं म्हणून?… तेच तर."

त्यांनी स्टूल पुढं ओढून बैठक मारली.

"अभिमनराव काय म्हणतात?… पडद्याला जोडणारी आतली पट्टी सुटली आहे. मग?… अर्ध्या तासाचं काम… आणि समजा नवीच घेतली तर?… जुन्यातलं वायर लावून नव्यात घालून देतील? सगळं?… पासवर्डच्या मागचंही?… म्हणजे दुरुस्त करा नाहीतर नवी घ्या, वाचलं जाणारच."

यशोदाबाईंनी आवाज एकदम खाली आणला. घरात दुसरं कोणी नव्हतं तरी.

"ते जवळ आहेत का?… खाली, दुकानात? बरं. ऐक. त्या गुप्त कप्प्यात मी माणसांबद्दल लिहिते. तोंडावर बोलता येत नाही ते… सगळ्यांबद्दल. हिलालभाऊंच्या पुतण्याबद्दल लिहिलंय, तंबाखू खातो आणि नाही म्हणतो. असंच. आणि… तुला बघायला आले त्यांच्याबद्दलही आहे… हो गं बाई, अभिमनरावांबद्दलही."

"काय लिहिलंय?… सांगते. 'मुलगा ठेंगणा. बोलतो फार. दुकान चालेल याचा भरवसा नाही. दुसरं स्थळ नाही आलं तर बघू.'… दात काढू नकोस सुनंदा! इथं माझा जीव खालीवर होऊ राहिला… पासवर्ड नाही सांगणार मी. कोणालाच… काय?… तुला कसा कळला?… तुझंच नाव असलं म्हणून काय झालं? त्यांना सांगितलास का?… सकाळी?… म्हणजे पट्टी लावून झाली? वाचलंही?… वर येताहेत? अगं नको, मी नंतर बोलते, त्यांच्या हातात फोन देऊ नकोस, सुनंदा…"

यशोदाबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

"हं… बोला, अभिमनराव… हो, मीच लिहिलं. दुसरं कोण लिहिणार?… नाही, गंमत म्हणून नाही. तेव्हा तसंच वाटलं होतं. आता खोटं कशाला बोलू?… मग मुलगी का दिली?"

चाळीसेक लग्नं जुळवली, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पत्रिका जुळली असं सांगून सुटता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

"तुम्ही दुसऱ्यांदा आमच्याकडे आलात तो दिवस आठवतो? सुनंदानं भरीत केलं होतं… हो, तेच. घाबरून पोरीनं मिरच्या दुप्पट घातल्या. तुमच्या मामांनी दोन घासांत तांब्या रिकामा केला. तुमच्या डोळ्यांतून धार लागली होती, आणि तुम्ही म्हणालात, अजून वाढा… थांबा, ऐका ना. मी आतून बघत होते. ही दाराआड रडकुंडीला आलेली. तुमचा आवाज कानावर पडला आणि हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं… त्यानंतर दुसरं स्थळ बघितलंच नाही मी. हिलालभाऊंनी डॉक्टर मुलगा आणला होता, त्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवलं… नाही, ते नाही लिहिलं. लग्न ठरल्यावर ती नोंद उघडते कोण?"

यशोदाबाईंनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला.

"हॅलो?… अभिमनराव?… आहात ना?… अहो, त्यात आभार कसले… काय म्हणता?… अजून? चार वर्षं तसंच तिखट भरीत खाताय?… तिला वाटतं तुम्हाला आवडतं? अरे देवा! मग बोलायचं नाही का?… हो, पहिल्या दिवशी मागून घेतलं, आता कुठल्या तोंडानं सांगणार… बरं, नाही सांगत. शब्द दिला. द्या फोन तिच्याकडे."

यशोदाबाईंनी पदरानं डोळे टिपले. हसून आलेलं पाणी होतं, आणि थोडं दुसरंही.

"हं, सुनंदा… नवी नको, हीच चालेल. रविवारच्या आत पाठव म्हणजे झालं… ते का हसू राहिले? मला काय माहीत… आज जेवायला काय केलंस?… वांगी भाजायला ठेवली? ऐक ना माय, मिरच्या निम्म्याच घाल… अगं, सहज म्हटलं. यंदाच्या मिरच्या भारी तिखट निघाल्यात, बाजारात सगळ्या बाया बोलत होत्या… कोण बाया म्हणजे? सगळ्याच… नाही गं, कोणी काही सांगितलं नाही… दूध उतू चाललंय बघ माझं. ठेवते!"

आणि सुनंदानं आणखी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.