हरबाअण्णांची खुर्ची आणि गरम जिलबी

एक लाकडी खुर्ची. डाव्या हातावरचं पॉलिश अजून शाबूत. उजवा हात मात्र तळव्याएवढ्या जागेत झिजून पांढुरका, गुळगुळीत! म्हणजे काय, मंडळी? खुर्ची समितीची, पण तळवा एकाचाच!

आता मला सांगा – बसावं कधी, हे सगळ्यांना कळतं. पण उठावं कधी? ते कोण सांगणार? ऐका!

तांबुळदरा गाव. तिथल्या उत्सव समितीचे अध्यक्ष हरबाअण्णा. कधीपासून? अहो, धोंडूतात्या उपाध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या – आता कापूस! अण्णा वाईट होते का? छे! देवळावर कळस त्यांनी चढवला, यात्रेतून कुणी उपाशी गेला नाही. दर निवडणुकीच्या सकाळी ते आरशासमोर म्हणून बघायचे, "आता मी थांबतो." छान जमायचं! पण सभेत खुर्चीचा हात घट्ट धरून बसायचे. मनात एकच धास्ती – उठलो, तर मला अध्यक्ष कोण म्हणेल? नुसता हरबा उरेन!

आणि निवडणूक कशी? अण्णांनी खूण केली की गरम जिलबी फिरायची. सगळ्यांची तोंडं भरली, की अण्णा विचारायचे, "मीच पुन्हा! कुणाची हरकत?"

बोला आता! गावभर नुसतं "म्म्म! म्म्म!" – झाली निवड, एकमताने!

यंदा सभेच्या आदल्या दिवशी चंद्राकाकू, म्हणजे अण्णांची बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला, की पुन्हा नाही."

"दोनदा तरी मिळतं ना!"

"मेक्सिकोत सहा वर्षं. एकदाच! पुन्हा उभंच राहायचं नाही."

"अरेरे!"

"स्वित्झर्लंडात सात जण मिळून कारभार करतात. अध्यक्षपद दर वर्षी एकाकडून दुसऱ्याकडे. आणि सान मारिनो म्हणून इवलासा देश आहे, तिथे दोघं प्रमुख – सहा महिन्यांपुरते!"

"सहा महिने? एवढ्यात माझा सत्कारसुद्धा आटपत नाही!"

हसू नका, मंडळी! अण्णाही काही कमी नव्हते. ताठ बसून म्हणाले, "आणि आपले पंतप्रधान? आणि इंग्लंडचे? त्यांना आहे का कितीदा म्हणून मर्यादा?"

"नाही," काकू म्हणाली. "पण लोकांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. तोंडात जिलबी न कोंबता!"

अण्णा रात्रभर कूस बदलत राहिले.

सभा भरली. अण्णांनी सवयीने खूण केली. काकू ताट घेऊन निघाली – धोंडूतात्यांना ओलांडून, सगळ्या गावाला ओलांडून, थेट खुर्चीपाशी! "आधी अध्यक्षांना!" आणि ही एवढी जिलबी, पाकाने थबथबलेली, अण्णांच्या तोंडात!

मग वळून म्हणते कशी, "आता मी विचारते. कुणाची हरकत?"

तात्या उठले. गुडघे कटकन वाजले. "माझी! लई वर्षांची! दर वेळी जिलबीबरोबर गिळत आलो!"

"म्म्म! म्म्म!" अण्णा.

"बघा, अण्णांची संमती आहे!" मागून एक बाई ओरडली. अहो, सभामंडप हसून लोळला!

अण्णा मात्र हसले नाहीत. गिळायला वेळ लागत होता ना! तेवढ्यात त्यांना पहिल्यांदा कळलं, बोलायचं असून तोंड भरलेलं असणं म्हणजे काय.

आणि मंडळी, तुम्ही? तुमच्या घरात नाही अशी खुर्ची? "सासूबाईंना विचारा", "बाबा म्हणतील तसं" – ती कोणती खुर्ची? घरी गेल्यावर तिच्या हातावरून बोट फिरवून बघा. आणि समोरच्याच्या तोंडात आपण काय कोंबून ठेवलंय, तेही!

तर अण्णांनी गिळलं. उजवा हात खुर्चीवरून उचलला. हळूच उभे राहिले.

काकूने विचारलं, "काय हो हरबा?"

लग्नानंतर पहिल्यांदा तिने नावाने हाक मारली होती! अण्णा खुदकन हसले – आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी थांबतो! आता हात वर करून निवडा – आणि जो कुणी बसेल, तो दोनदाच!"