गुरुवारचा पहारा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निम्म्या निगडीला ज्यांनी गणित शिकवलं ते आदरणीय बुद्धरत्न सोनकांबळे सर, व्यासपीठावर अगदी अंग चोरून बसलेले आजचे सत्कारमूर्ती श्री. ज्योतीराम गपाट, तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोदावहिनी, 'श्रमसाफल्य' सहकारी गृहरचना संस्थेचे सर्व पदाधिकारी, आणि समोर बसलेले, तसंच समोर न बसता मागं भिंतीला टेकून उभे असलेले माझे बंधू-भगिनी.

खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी काही मंडळी उभी आहेत. मी समजू शकतो. बसलं की टाळी वाजवावी लागते.

आपल्या संस्थेचा एक रिवाज आहे. बत्तीस बिऱ्हाडांपैकी कुणीही नोकरीतून निवृत्त झालं की या सभागृहात शाल-नारळ द्यायचा आणि चेअरमननं चार शब्द बोलायचे. आजवर एकोणीस सत्कार झाले. फोर्जवाले झाले, टूलरूमवाले झाले, महापालिकेतले दोघं झाले. मी एकोणीस वेळा बोललो. विसाव्यांदा बोलायच्या आधी तेवढं पाणी द्या जरा. धन्यवाद.

ज्योतीराम भूम तालुक्यातून इकडं आले तेव्हा मी भोसरीत दुसऱ्याच्या पत्रा कापायच्या प्रेसवर हेल्पर होतो. मी खेडचा, ते भूमचे. एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. पुढं ते वीज कंपनीत लागले, तेहेतीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढले. मी कर्ज काढून एक मशीन घेतलं, मग दुसरं. आज सहा आहेत. लोक मला बबनशेठ म्हणतात. ज्योतीराम अजून बबनरावच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटतं.

जुन्या चकतीच्या मीटरचे दिवस आठवतात का? हा माणूस सकाळी ड्यूटीवर जाताना मीटरच्या खोलीत डोकावायचा आणि खालून हाक मारायचा, "दुसरा मजला! कुणाचा तरी गीझर चालू राहिलाय!" चकती किती पळते यावरून घरात काय चालू आहे ते ओळखायचा. असं मीटर वाचणारा माणूस आपल्याच जिन्यात राहत होता. नव्या मीटरची आपल्याला एवढी भीती का वाटली, याचं मला कधीकधी आश्चर्य वाटतं. जुनं मीटर आपल्या ओळखीचा माणूस वाचायचा आणि खालून हाक मारायचा. नवं कोण वाचणार, कुठं बसून वाचणार, हे कुणीच सांगेना.

मागून आवाज आला तो मी ऐकला. "आता गोडवे गातोय." गाऊ द्या. माझे कान तिखट आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पन्नास टनांचा प्रेस चालू असताना बोल्ट सैल झाल्याचं मला ऐकू येतं. गेल्या चार महिन्यांत या जिन्यात ज्योतीरामांच्या पाठीमागं जो शब्द बोलला जातो तोही मी ऐकलाय. फितूर.

आज आडवळणानं बोलायचं नाही असं ठरवून आलोय. तरी सवयीनं थोडं वळण घेतोच, सर, सांभाळून घ्या.

स्मार्ट मीटर बसवणार अशी चिठ्ठी लागली तेव्हा याच सभागृहात आपण जमलो. बिल दुप्पट येणार, पैसे संपले की कुठूनतरी बटण दाबून अंधार करणार, कुणी काय आणि कुणी काय. खरंखोटं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आम्हाला विचारलं का नाही, हा राग मात्र सोळा आणे खरा होता. कृती समिती झाली. निमंत्रक कोण? अर्थात मी. भाषण चांगलं करतो ना! "माझ्या अंगावरून जाऊन मीटर बसवा," हे वाक्य माझंच. त्या दिवशी टाळ्या भरपूर पडल्या होत्या.

मग पहारा ठरला. आणि आपण कोण? सगळे कारखान्यात आयुष्य काढलेले. आपल्याला पहारासुद्धा पाळीशिवाय करता येईना! मीटरच्या खोलीसमोर फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट. शाळेच्या वहीत मस्टर. फर्स्ट शिफ्टच्या प्रमुख कौशल्याबाई. या माउलीनं काय शिस्त लावली! "चहाला धा मिन्टं. अकरावं मिनिट झालं की हाफ डे." एका गृहस्थाला लेट मार्क पडला तर ते दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. सेकंड शिफ्टला कोण? यशोदावहिनी. नवरा मीटर बसवणाऱ्यांच्या खात्यात, बायको मीटर अडवणाऱ्यांच्या पाळीवर. सकाळी दोघांचे डबे एकाच कढईतल्या भाजीचे. आपण तेव्हा हसलो. त्या घरात काय चाललं असेल ते विचारलं कुणी?

आणि मग सभेत कुणीतरी उठून म्हणालं, साप्ताहिक सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे. बरोबर, बरोबर! सगळ्यांनी बाकं वाजवली. कुठला वार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. विजेचा भार विभागला जावा म्हणून लागलेली. तीस-तीस वर्षं ती आपल्या अंगात मुरलेली. वहीत गुरुवारच्या रकान्यात लाल पेनानं सरळ रेघ मारली गेली. आपणच पुकारलेल्या लढ्यातून आपणच स्वतःला आठवड्याची रजा मंजूर करून घेतली, आणि बत्तीस घरांत एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकाला दिसलं होतं.

त्याच सुमाराला माझ्या वर्कशॉपमध्ये एक नवं मशीन ताडपत्रीखाली उभं होतं. चाकणच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं, पण मशीन चालवायला वाढीव वीजभार लागत होता आणि अर्ज दोन महिने पडून होता. मी चौकशीला गेलो. तिथं मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर भेटला. गोड माणूस. चहा पाजला. म्हणाला, "शेठ, तुमच्या सोसायटीनं आमचं टार्गेट अडवून ठेवलंय. पोलीस घेऊन यायची आमची इच्छा नाही. तुमचं ते लोडचं काम आहे ना, बघू, मी बोलून ठेवतो." बास, एवढंच. धमकी नाही की मागणी नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणालो, "गुरुवारी आमच्याकडं सगळं बंद असतं."

पंख्याचा आवाज ऐकू येतोय मला.

थांबा, अजून आहे. अर्धं सांगून खाली बसलो तर इथं उभं राहण्यात अर्थ नाही. मीटरच्या खोलीला समितीनं नवं कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्याकडं होती. त्या गुरुवारी सकाळी मी ती वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवली आणि आळंदीला निघून गेलो. इंद्रायणीच्या घाटावर चार वाजेपर्यंत बसलो. दर्शनसुद्धा घेतलं नाही, काय तोंडानं घ्यायचं? परत आलो तेव्हा बत्तीसच्या बत्तीस मीटर बदललेली होती, कुलूप शाबूत होतं, आणि तुम्ही सगळे खाली जमून म्हणत होता, "घरचाच माणूस फुटलाय." कुणीतरी ज्योतीरामांना कुलूप उघडताना बघितलं होतं, पण गुरुवारी पाळी नाही म्हणून अडवायला कुणी उतरलं नव्हतं. त्यांना वरून हुकूम होता, या इमारतीची वायरिंग माहीत असलेला माणूस सोबत जाईल. निवृत्तीला चार महिने राहिलेले. नाही म्हटलं असतं तर चौकशी लागली असती आणि आज शालीऐवजी नोटीस हातात असती. वॉचमननं किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी कुलूप उघडलं.

मी त्या घोळक्यात उभा होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणालो आठवतं? कौशल्याबाईंना आठवत असेल. मी म्हणालो, "माणूस ओळखता येत नाही बुवा." त्या एका वाक्यानं काम झालं.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगितली नाही, मला ती नंतर वॉचमनकडून कळली. काम सुरू करायच्या आधी ज्योतीराम तिसऱ्या मजल्यावर गेले. कौशल्याबाईंचे मालक ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. ज्योतीरामांनी जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवरून वायर ओढली, मशीन त्यावर चालवलं, स्वतः शेजारी उभे राहिले, आणि मगच त्यांचं मीटर बदलू दिलं. खोटं असेल तर बाईंनी इथंच सांगावं.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं. "खरं हाय. मला ठावं व्हतं." ठाऊक होतं, तरी तुम्ही बोलला नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाही. माझा तो अधिकार राहिलेला नाही.

पुढं काय झालं ते तुम्ही बघितलंय. यशोदावहिनींना भिशीतून काढलं. उन्हाळ्यात गच्चीवर सगळ्याजणी कुरडया घालत होत्या, वहिनी दुपारी सगळ्या उतरल्यावर एकट्या वर जायच्या. मी खिडकीतून बघायचो. त्या तापल्या गच्चीवर एक बाई एकटीच बसून सोऱ्या फिरवायची. मी खिडकी लावून घ्यायचो.

माझा वीजभार त्या गुरुवारनंतर विसाव्या दिवशी मंजूर झाला. त्या सुपरवायझरच्या बोलण्यामुळं, की अर्जाची पाळी आली म्हणून, मला आजही माहीत नाही. दोन्हींचा संबंध मी माझ्या मनात जोडला होता, एवढं पुरे आहे. आणि मीटरचं म्हणाल, तर काहींचं बिल वाढलं, काहींचं नाही. माझं तर थोडं कमीच आलं. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

मागं कोण विचारतंय? "मग आत्ता का सांगतोयस, भाऊ?" रास्त प्रश्न आहे.

गेल्या रविवारी ज्योतीराम माझ्या घरी आले. म्हणाले, "बबनराव, तुम्ही सत्काराच्या भाषणात माझ्याबद्दल चांगलं बोलायलाव म्हणं. नका बोलू. लोक टाळ्या वाजवणार न्हाईत, तुमची पंचाईत व्हईल." मी म्हणालो, "असं कसं, रिवाज आहे." तर खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी सुपरवायझर मला बोलला व्हता. दिवस तुमच्या चेअरमननंच सांगितला म्हणून."

चार महिने या माणसाला ठाऊक होतं. रोज जिन्यात भेटत होतो, रोज मी "काय ज्योतीराम, बरंय ना?" विचारत होतो, आणि रोज तो "बरंय" म्हणत होता. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" तर म्हणाले, "बोलून काय उपेग? ज्याच्यावर आळ आलाय त्यानं दुसऱ्याचं नाव घेतलं की लोक म्हणत्यात, स्वतः सुटायला बघतोय. माझं तोंड त्याच दिवशी बंद झालतं. तुमचं उघडं व्हतं."

रागानं नाही म्हणाले. राग असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

तेव्हापासून मी बाहेर पडायची वाट शोधतोय. समितीचा राजीनामा द्यावा? कारण विचारतील. आजारी पडावं? ज्योतीरामच डबा घेऊन येतील. ज्योतीराम गावी गेल्यावर सांगावं? मग ते सांगणं कुणासाठी? सगळ्या वाटा फिरून मी या माइकपाशीच येत होतो.

उद्या सकाळी गपाट कुटुंब भूमला जातंय. फ्लॅट भाड्यानं दिलाय. माझी सभेला विनंती आहे की या दोघांनी इथून जाताना तो शब्द सोबत नेऊ नये. तो त्यांचा नाहीच. तो माझा आहे, इथंच राहू द्या, माझ्या नावासमोर.

आता शाल आणि नारळ. रिवाजाप्रमाणं चेअरमननं द्यायचे असतात. मी देणार नाही. माझ्या हातानं त्यांचा सत्कार व्हावा असा माझा हात राहिलेला नाही. सर, आपण अध्यक्ष आहात, आपण शाल घालावी. आणि यशोदावहिनींना नारळ कोण देणार ते सभेतल्या बायांनी ठरवावं. कुणी उठलं नाही तरी मी नाव घेऊन कुणाला उठवणार नाही.

कौशल्याबाई उठल्यात. बसा वहिनी, तुम्ही बसूनच राहा, त्या येतायत तुमच्याकडं.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. सभागृह झाडून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. जे बसून राहिले त्यांचे आभार, जे उभे राहिले त्यांचेही. बोलताना कुणाचा नामोल्लेख राहिला असेल, शब्द मागंपुढं झाले असतील, तर तेवढं पदरात घ्या. जे केलं ते पदरात घ्या असं मी म्हणणार नाही. ज्योतीराम उद्या जातील. मला इथंच राहायचंय, याच जिन्यानं रोज चढउतार करायचीय, आणि उद्यापासून वर-खाली जाताना ज्याला जे बोलायचं ते त्यानं माझ्या तोंडावर बोलावं. मला ऐकू येतं.

नमस्कार.