तांब्याच्या गुंडातलं पाणी

हॅलो?… हॅलो, कोण?… राखी? अवं माय, तुले आत्ताच सापडली का फोन करायची वेळ?… नाई, रागावून नाई राहिली. दम लागला आहे. पलंगावर उभी आहे मी… पडली नाई वं, चढली. आपल्या मनानं चढली.

लेकरं बरी आहेत. तुही लेकरं माह्यापाशी बरीच राहतात, बाई. मायचं विचारत जा कधी…

व्हिडिओ नको लावू! नको म्हटलं ना… अगं ऐक ना… खेकडे आहेत. खेकडे वं, खेकडे! शेताच्या धुऱ्यावरच्या बिळातले. घरात सुटले आहेत… भाजी कुठची आली? वीस वर्षं झाली गळ्यात माळ घालून, माह्या घरी खेकड्याची भाजी? जिते आहेत. चालून राहिले. आडवे, जसे चालतात तसेच.

अजी, तुम्ही बोट हळदीत ठेवा आन् बसा ना एका जागी! कपाटाखाली काठी नका घालू, तुटंल त्याचा पाय!

…तुह्या बाबाले चावला. आंगठ्याले. केवढे ओरडले म्हणतो मी तुले, शकुनबाई भिंतीवरून डोकावली. चावला एक, आन् ओरडले दहाचे.

आज कोणता दिवस?… अवं वार नाई, आज आपल्याकडं महाराजांचं जेवण आहे ना! परवा सांगतलं होतं तुले. तू हो हो म्हणतेस आन् तिकडं भांडे वाजवतेस… हो, सप्ताहाचेच महाराज. सात दिवस, चौदा जेवणं, आन् एवढं मोठं आपलं सानगडी. चिठ्ठ्या टाकतात. नऊ वर्षं झाली, माही चिठ्ठी काही निघाली नाई. यंदा निघाली. सप्ताहवाल्या भैय्यालालभाऊनं माईकवर नाव घेतलं, गोदावरीबाई म्हणून, तं मी मांडवातच डोळे पुसले. लोकं म्हणत, बाई, जेवण आहे, लॉटरी नाई.

काल काय कीर्तन झालं वं राखी… तुले ऐकवायले पायजे होतं. एका चालीवर आले, तं टाळकरी थांबले, मृदंगवाला थांबला, आन् नुसता त्यायचा गळा. मांडवात लेकरूही रडलं नाई. त्या माणसाले आपल्या हातानं वाढायचं, म्हून मी…

गुड्डी! पलंगावरून पाय खाली नको सोडू!

बारा वाजता येतात. आता किती झाले?… सव्वाअकरा. झालं.

अवं कायची तयारी विचारतेस! चार वाजता उठली, तं लाइन गेलेली. सहाले आली, तं मिक्सरमधून धूर. साडेआठले सिलेंडर संपलं. कोहळ्याची बोंडं कढईत, अर्धी कच्ची. मंग घरामागं सांदवाडीतली चूल पेटवली, लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळे असे झाले. तरी केलं सगळं. चिन्नोरचा भात केला, वरण, कढी, पुऱ्या, बोंडं. रांगोळी काढली पाटाभोवती. म्हटलं, झालं एकदाचं. आन् तुहे बाबा प्यायचं पाणी भरायले तांब्याचा गुंड उचलायले गेले…

हो, तोच मोठा हंडा. माह्या लग्नातला. चिंच लावून लावून घासला होता काल. देवघराच्या बाजूले भरून ठेवला होता, सोवळ्याचं पाणी म्हून. त्यात हात घातला आन् बोंबलले. गुंड खाली, पाणी घरभर, आन् अकरा खेकडे अकरा दिशेले.

कुठून आले म्हणजे? तुह्या पोट्ट्यानं आणले!… काल, आपल्या धानाच्या बांधीतून. हो, प्रितमनं… काय सांगू तुले.

सापडले काही. मोजता येत नाई, कारण गुड्डीनं त्यायची नावं ठेवली आहेत. आता नावानंच हजेरी चालू आहे. अन्वी सापडली, विहान सापडला, रिद्धी सापडली. तिच्या शाळेतले आहेत सगळे. पी.टी.चे सर फ्रीजमागं होते… हासू नको! माह्या जिवावर आलं आहे आन् तू हासतेस?

सहा… आत्ता आठ झाले. गुड्डी, आठवा कोणता वं?… वर्गाची मॉनिटर आहे म्हणते.

काय?… काय विचारलंस?

…हो.

हो, घेतलं.

चार वाजता, अंधारात. मोबाइलची बॅटरी तोंडात धरली होती. त्याच गुंडात गडवा घातला, चार गडवे काढले. भाताले आन् वरणाले. खाली हे बसले होते, मले काय माहीत! एखादा वर आला असता तं कळलं असतं… अकरा वाजता कळलं. सैपाक झाल्यावर.

पुन्हा कसा करू? गॅस नाई, चूल अर्धी विझली, भाताले आधण यायलेच बारा वाजतील. आन् त्यायचा नेम आहे कडक. कांदा-लसूण लागलेलं भांडंही चालत नाई त्यायले. हे तं खेकड्याचं पाणी… आन् हे काय म्हणून राहिले माहीत आहे का, तुहे बाबा? म्हणतात, उकळलं म्हणजे शुद्ध झालं. म्हणतात, फरशी पुसली, खेकडे बादलीत, बादली गाईच्या कोठ्यात, महाराज पुढच्या छपरीत बसतील, कोणाले काय दिसणार आहे?

…अजी, ऐकून राहिली मी! लेकीसंग बोलून राहिली, सरपंचासंग नाई!

राखी, मले सांग, मी काय करू? नऊ वर्षांनं चिठ्ठी आली. गावात सांगायचं, गोदावरीबाईच्या घरून महाराज उपाशी उठले? आन् वाढलं तं… त्या माणसानं हात जोडून घास घ्यायचा, वदनी कवळ म्हणायचं, आन् मी पंख्यानं वारा घालत बसायचं समोर? घशाखाली उतरंल का माह्या संध्याकाळचं कीर्तन?

हं… हं… हो, शकुनबाईकडं होईल. तिचं केव्हाचंच तयार आहे. सकाळीच भिंतीवरून म्हणे, गोदावरीताई, तुमच्याकडं अडचण दिसते, मी आपल्या चार पुऱ्या तळून ठेवतो, पडल्या तं पडल्या. पडल्या तं पडल्या! श्रीखंडाचा वास येऊन राहिला तिच्या घरातून. पडल्या-पुऱ्यासंग श्रीखंड कोण करते?

काय जी शकुनबाई?… नाई, नाई, काही नाई, लेकीचा फोन आहे!… हो, सांगतो तिले नमस्कार!

…नमस्कार सांगतला आहे तुले. भिंतीले कान लावून उभी आहे.

कोणाले देऊ फोन? प्रितमले?… नाई येत तो. कोठ्यात आहे. गाईजवळ, तणशीच्या ढिगावर बसला आहे. सकाळपासून पोटात काही नाई. बोलवलं तं बोलत नाई. तुह्या बाबानं एक लावली त्याच्या गालावर…

बरं केलं? बरं केलं काय म्हणतेस? नऊ वर्षांचं लेकरू आहे ते!… हो, माहीत आहे मले, महाराजांचं जेवण… हो, मीच म्हटलं तुले, त्यानं आणले म्हून… वीरेंद्ररावले कशाले सांगतेस? जवाई तिकडून फोनवर ओरडतील, इकडं हा आणखी मुका होईल… राखी, नको ना सांगू… अवं ऐक तं…

ऐक म्हटलं ना!

त्यानं नाई पकडले.

…मी पकडले.

हो, मी. तुही आई… दोन्ही हातानं.

काल दुपारी नेलं त्यायले बांधीत. धान कापणीले आलं आहे, पाणी उतरलं, आन् धुऱ्यावर ही बिळंच बिळं. प्रितम विचारते, आजी, यात साप आहे का? म्हटलं, नाई रे, हा पाह्य, ताज्या चिखलाचा ढीग बाहेर काढला आहे, हा खेकडा. आन् सांगता सांगता हात गेला माहा आत. कोपरापर्यंत. चाळीस वर्षं झाली असतील वं… लग्नाच्या आधी, आंधळगावले, माह्यासारखे खेकडे कोणी काढत नव्हतं. भाऊ हरे माह्यापुढं. हाताले सगळं आठवलं. पाठीवरून धरायचं, दोन बोटांत, नांगी मागं वळत नाई. गुड्डी टाळ्या पिटे, प्रितम म्हणे आजी आणखी एक, आन् मी बांधीत गुडघाभर चिखलात, पदर खोचून… माळ मागं पाठीवर टाकली होती, सांगून देतो तुले. देवाले दिसू नये म्हून.

अकरा झाले. पदरात. येताना इतके हासलो आम्ही तिघं, तो वाटेवरचा बैलही पाहून राहिला होता.

खायचे नव्हते वं! सकाळी सोडायचे होते. बादलीत ठेवले सांदवाडीत. लेकरायले म्हटलं, आजोबाले सांगायचं नाई. झोपायच्या वेळी मांजर आलं बादलीपाशी, तं पोट्ट्यानं सगळ्यात खोल भांडं पाहिलं आन् त्यात टाकले. त्याले काय माहीत, कोणतं पाणी कायचं?

आन् आज तुह्या बाबानं विचारलं, कोणं आणले हे घरात? ओरडून विचारलं. प्रितमनं माह्याकडं पाहिलं…

मी फरशी पुसत होती. मान वर नाई केली.

तो म्हणे, मी आणले.

…हो ना. हो. चापट त्यानं खाल्ली. आन् मी तुलेही तेच सांगतलं, तुह्या पोट्ट्यानं आणले म्हून. आत्ताच सांगतलं. याच तोंडानं.

शिव्या दे मले… नाई, महाराजांचं राहू दे, लेकराचं बोल.

थांब… थांब, थांब. भैय्यालालभाऊचा आवाज आहे. आले! अवं अर्धा तास आधीच घेऊन आले त्यायले! अजी, गेट उघडा!… तोंडावर बोट कायले ठेवता माह्याकडं पाहून? उतरू द्या मले खाली… गुड्डी, हात दे, माय.

राखी, फोन ठेवू नको. असू दे चालू. हातात राहू दे माह्या.

…महाराज, या. नमस्कार… हो, हो, पाट मांडला आहे, पण थांबा. पाय नका धुऊ अजून. एक ऐकून घ्या पहिले… अजी, तुम्ही मधात नका बोलू… भैय्यालालभाऊ, तुम्हीही ऐका.

महाराज, वरण आन् भात ज्या पाण्यात शिजला, त्या पाण्यात रातभर खेकडे होते… हो, खेकडे. अकरा… नाई, मेला नाई एकही. दहा सापडले, एक कुठं आहे माहीत नाई… मले सैपाक झाल्यावर कळलं. पण कळलं. न सांगता वाढता आलं असतं, नाई वाढवत.

आन् ते लेकरानं नाई आणले. हे यायलेही आत्ताच सांगून राहिली मी. मी पकडले. बांधीत उतरून. पोट्ट्यानं माह्यावरचं आपल्यावर घेतलं… मार खाल्ला त्यानं… तिकडं आहे. कोठ्यात.

…

राखी… आहेस का?… महाराज कोठ्याकडं गेले वं… हळू बोलून राहिली मी… तणशीत बसले त्याच्याजवळ. धुतलेलं धोतर, तसेच बसले… काही विचारून राहिले त्याले… पोट्टा मान हलवते नुसती… आता आपलं बोट दाखवून राहिले. वण आहे वं बोटाले! खेकड्याचा आहे म्हणतात, लहानपणचा… नांगीकडून धरला होतास, म्हणते प्रितम त्यायले… तू म्हणते वं महाराजाले! भैय्यालालभाऊनं डोळे मोठे केले… महाराज हासून राहिले.

येऊन राहिले इकडं. थांब.

…हो, महाराज… हो, समजलं… नेम तो नेम. मोडायचा कायले, माह्या घरी तं मुळीच नका मोडू… अवं, तुम्ही कायले हात जोडता? मलेच जोडू द्या… शकुनबाईकडं आहे सगळं तयार. भैय्यालालभाऊ, घेऊन जा त्यायले, उशीर होऊन राहिला… हो, संध्याकाळी येतो. पुढंच बसतो.

…

गेले.

शकुनबाई पाणी घेऊन दारातच उभी होती… तुहे बाबाही गेले त्यायच्या संग. माह्याकडं पाहिलंही नाई. जाऊ दे, रागावू दे. रागावायचंच काम आहे.

रडून राहिली, मंग काय करू? नऊ वर्षं वं, राखी! पाटावर रांगोळी आहे अजून… आता केव्हा निघंल माही चिठ्ठी, कोणाले माहीत. मी राहतो का तवापर्यंत… असं नको बोलू तं कसं बोलू?… कीर्तनाले जाईन ना! जेवण गेलं, कान थोडी गेले.

तू ठेव आता, तुलेही ऑफिसचं काम असंल… नाई, मी बरी आहे. चूल विझवतो, फरशी पुसतो पुन्हा… दहा माणसायचं अन्न पडलं आहे, गाईले तरी…

कोण आहे दारात?… ये ना आत. ये. उभा कायले राहिलास?… काय रे?… मोठ्यानं बोल…

राखी. बोलला वं… भूक लागली म्हणते.

पुरी देऊ, बाबू? बोंडं आहेत, तुह्या आवडीची… काय?… तेच?

राखी, ऐकलंस का? वरणच पायजे म्हणते. खेकड्यायचं वरण पायजे… आन् आजी, तू पण बस म्हणते संग…

ठेव, ठेव आता… अवं काय तेच तेच विचारतेस, जेवल्यावर करतो ना फोन… ठेव ना वं, एका हातानं वरण कसं वाढू मी?