लपवलेला ब्लॉग

प्रचाराच्या दिवसांत एकदा सकाळी सव्वाअकराला मी ओतूरच्या सायबर कॅफेत बसले. लेक झाल्यापासून बंद पडलेला माझा ब्लॉग त्या दिवशी पुन्हा उघडला अन् लिहिलं, 'पंचायतीला भावकीतलाच माणूस उभा आहे, पण माझं मत त्याला नाही. मागच्या खेपेला सरकारी नळ त्याने स्वतःच्या दारात घेतला.' खाली सही केली, 'एक सून.' तो माणूस म्हणजे माझे सख्खे दीर.

तेवढ्यात लेक रडायला लागली. मी ब्राउझर नुसता खाली दाबून लपवला अन् तिला घेऊन बाहेर गेले. परत येते तर माझ्याच खुर्चीवर भाऊजी! प्रचाराचं पत्रक छापायला आलेले. समोर माझा ब्लॉग उघडा. घरात कळलं तर मला माहेरी धाडतील, या भीतीनं मी लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"वहिनी, तुमी हितं?"

"हिला डॉक्टरकडं आणलं व्हतं."

"हे वाचा. भावकीतलीच कोणतरी सून हाय. तुमी बायकांत बसता, जरा शोधा की कोण हाय ती."

"शोधते, भाऊजी."

अजून शोधतेच आहे. तेव्हा बायांनो, एकमेकींना सांगा, कॅफेतून उठताना ब्राउझर लपवू नका, बंद करा. फक्त हे कुणी सांगितलं, ते सांगू नका.